कॅम्प नंबर एक आणि रोमन आकडे

कल्याण जंक्शन सोडल्यावर मध्य रेल्वेचा मार्ग दुभंगतो. एक फाटा शहाडवरून कसाऱ्याकडे जातो, दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके घेत कर्जतकडे वळतो, आणि या दोन फाट्यांच्या बेचक्यात जे दाट, गजबजलेले, अहोरात्र उद्यमात गढलेले उल्हासनगर वसले आहे, तेथील पत्ते परगावच्या माणसाला प्रथमदर्शनी काहीसे नवलाचे वाटतात. इतर गावांत पत्ता आळीच्या, वाड्याच्या, देवळाच्या किंवा एखाद्या कर्तबगार पुरुषाच्या नावाने सांगतात. येथे तो आकड्यांनी सांगतात. कॅम्प नंबर अमुक, सेक्शन अमुक, बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर अमुक अशी ती मोठ्याकडून लहानाकडे उतरत जाणारी मालिका असते, आणि तिच्या अखेरीस टपालखात्याचा जो पिनकोड येतो त्यानेही हाच क्रम मान्य केलेला आहे. कारण ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंतच्या पाच पिनकोडांत शेवटचा अंक हा त्या त्या कॅम्पाचाच अंक आहे.

हे असे का झाले, याचे कारण शहराच्या जन्मकथेत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणनजीक लष्कराने सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी जी विस्तीर्ण छावणी उभारली, तीत दोन हजारांहून अधिक बॅरेकी होत्या. युद्ध संपले, छावणी ओस पडली, आणि थोड्याच अवधीत देशाची फाळणी होऊन सिंध प्रांतातून घरदार, शेतीवाडी, पेढ्या व देवघरे मागे ठेवून आलेल्या निर्वासितांच्या झुंडी मुंबई बंदरात उतरू लागल्या, तेव्हा सरकारने त्यांना आणून ठेवण्यास हीच जागा निवडली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले, छावणीचे शहर झाले, पुष्कळ बॅरेकींच्या जागी बहुमजली इमारती उठल्या, त्या इमारतींच्या सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदल्या गेल्या. तथापि क्रमांक मात्र जागच्या जागी राहिले. शहाडकडील भागात राहणारा मनुष्य आजही आपण ‘एक नंबरला’ राहतो असेच सांगतो, आणि ऐकणाऱ्यास ते पुरते.

या लेखाचा विषय शहररचना हा नाही. संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर जे पान आपण वाचतो, त्यावरील क्रमवार यादीच्या आरंभी आकडे कसे घातले जातात, आणि विशेषतः रोमन आकडे घालण्याची रीत कोणती, हा आहे. परंतु त्या विषयाचा गाभा समजून घेण्यास उल्हासनगरच्या पत्त्याइतके सोईचे उदाहरण मला दुसरे आढळत नाही. कॅम्पाच्या पोटात सेक्शन, सेक्शनच्या पोटात बॅरेक, बॅरेकीच्या पोटात रूम, ही यादीच्या पोटात यादी आहे. शिवाय येथे क्रमांक दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरले गेले आहेत, याकडे लक्ष द्यावे. पहिले काम नुसता क्रम दाखविण्याचे: एकामागून दुसरे, दुसऱ्यामागून तिसरे. दुसरे काम नाव देण्याचे: कॅम्प नंबर एक याचा अर्थ ‘पाचांपैकी पहिला’ एवढाच आता उरलेला नाही, ते त्या वस्तीचे विशेषनाम झाले आहे, आणि उद्या एखाद्या प्रशासकाने विभागांची फेरमांडणी केली तरी ते नाव लोकांच्या जिभेवरून उतरणार नाही. क्रम दाखविणारा आकडा आणि नाव झालेला आकडा यांतील हा भेद ज्यास कळला, त्यास यादीची सजावट कशी करावी हे निम्मे कळले, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष रीत. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत जी पद्धती निर्माण केली आणि १९९१ साली जगापुढे ठेवली, तिच्यात पानाचा मजकूर एचटीएमएल या चिन्हभाषेत लिहितात. यादी लिहावयाची झाल्यास लेखक आरंभी ‘ओएल’ ही खूण करतो, म्हणजे ‘येथून क्रमवार यादी सुरू’. प्रत्येक बाबीपूर्वी ‘एलआय’ ही खूण करतो. आणि आकडा मात्र कोठेही लिहीत नाही. आकडा घालण्याची कामगिरी ब्राउझरकडे सोपविलेली असते. तो बाबी मोजतो आणि प्रत्येकीच्या डाव्या अंगाला तिचा अनुक्रम उमटवितो. मध्ये एखादी बाब नव्याने घातली तर पुढील सर्व आकडे आपोआप सरकतात. कागदावरची जुनी टिपणे ज्याने खाडाखोड करीत पुनःपुन्हा क्रमांकित केली आहेत, त्याला या सोईचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही.

जानेवारी १९९७ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएलच्या ३.२ या आवृत्तीत या आकड्याचे पाच प्रकार सांगितलेले आहेत: साधे आकडे, इंग्रजीची लहान लिपी, मोठी लिपी, लहान अक्षरांतील रोमन आकडे आणि मोठ्या अक्षरांतील रोमन आकडे. ‘टाइप’ या गुणधर्मात लहान ‘आय’ हे अक्षर लिहिले की लहान रोमन, मोठे ‘आय’ लिहिले की मोठे रोमन, इतकी ती सोपी रीत. त्याच सुमारास, म्हणजे डिसेंबर १९९६ मध्ये, सीएसएस ही सजावटीची स्वतंत्र भाषा प्रमाण झाली. हाकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये तिची कल्पना मांडली होती. तिच्यामागील तत्त्व असे की, मजकूर काय आहे हे एका ठिकाणी लिहावे आणि तो दिसावा कसा हे दुसऱ्या ठिकाणी. त्या भाषेत ‘लिस्ट-स्टाइल-टाइप’ असे लिहून पुढे ‘अपर-रोमन’ अथवा ‘लोअर-रोमन’ असे सांगितले की यादीच्या अंगावर रोमन आकड्यांचा पोशाख चढतो. आतील मजकुरास स्पर्शही होत नाही. पुढील क्रमांकापासून आरंभ करावयाचा तर ‘स्टार्ट’ हा गुणधर्म आहे, आणि त्यात आकडा नेहमी साधाच लिहावा लागतो: ‘स्टार्ट’ सात असे सांगितले की पडद्यावर ‘व्ही-आय-आय’ उमटते. ब्राउझरच्या मनात आकडा हा केवळ संख्या असतो. तो रोमन दिसतो तो आपल्या डोळ्यांसाठी.

ही संख्या रोमन अक्षरांत उतरते कशी, तेही जाता जाता पाहू. रोमनांजवळ सात अक्षरे होती: ‘आय’ म्हणजे १, ‘व्ही’ म्हणजे ५, ‘एक्स’ म्हणजे १०, ‘एल’ म्हणजे ५०, ‘सी’ म्हणजे १००, ‘डी’ म्हणजे ५०० आणि ‘एम’ म्हणजे १०००. मोठे अक्षर आधी आले तर बेरीज करावयाची, लहान अक्षर मोठ्याच्या आधी आले तर वजाबाकी. म्हणून ‘व्ही-आय’ हे सहा आणि ‘आय-व्ही’ हे चार. ब्राउझरजवळ १०००, ९००, ५००, ४००, १००, ९०, ५०, ४०, १०, ९, ५, ४ आणि १ अशा तेरा किमतींचा तक्ता असतो, आणि तो प्रत्येक वेळी त्यातील सर्वांत मोठी मावणारी किंमत संख्येतून वजा करीत जातो. ४९ ही संख्या घ्या: आधी ४० वजा झाले, ‘एक्स-एल’ उमटले, बाकी ९ राहिले, ‘आय-एक्स’ उमटले, पन्नासातून एक वजा असा आडमार्ग तो कधीच घेत नाही. शून्यास रोमनांजवळ चिन्हच नव्हते आणि चार हजारांसाठी सात अक्षरांत सोय नव्हती. यामुळे सीएसएसच्या प्रमाणग्रंथात रोमन आकड्यांची मर्यादा १ ते ३९९९ अशी ठरविली आहे, आणि तीबाहेरची संख्या आली म्हणजे ब्राउझर निमूटपणे साधा आकडा छापतो.

या ठिकाणी थोडे आडवाटेने जाण्याची मुभा वाचकांनी द्यावी, कारण ती वाट कॅम्प नंबर एकच्या अगदी लगतची आहे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यावरून जो कल्याण-मुरबाड रस्ता जातो, तो पुढे सह्याद्रीच्या पायथ्याशी, नाणेघाटाच्या दिशेने नेतो. कल्याण बंदरातून जुन्नरकडे माल वाहून नेणाऱ्या प्राचीन सार्थवाहांचा हाच मार्ग. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा जो ब्राह्मी लिपीतील लेख आहे, ज्याचा काळ सामान्यतः इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात, तो लेख म्हणजे यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादीच आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांच्या संख्या तेथे अंकांत कोरलेल्या आहेत, आणि महाराष्ट्रात अंकांचा इतका जुना व इतका समृद्ध साठा दुसऱ्या एखाद्या लेखात क्वचितच सापडेल. मौज अशी की, ते अंक स्थानमूल्याचे नाहीत. दहासाठी एक चिन्ह, विसासाठी दुसरे, शंभरासाठी तिसरे, हजारासाठी चौथे. चारशे लिहावयाचे तर शंभराच्या चिन्हास चाराचे चिन्ह जोडावयाचे, चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हास. एका दक्षिणेत २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. तो आकडा वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन चिन्हांच्या बेरजेने सिद्ध होतो. म्हणजे रोमन आकड्यांची बेरजेची पद्धत आपणास वाटते तितकी परकी नाही. आपल्याच घाटात, वेगळ्या चिन्हांनी आणि गुणाकाराची जोड देऊन, तिची एक बहीण नांदत होती. पुढील हजार वर्षांत आपल्या देशाने शून्य आणि स्थानमूल्य यांचा शोध लावून ती पद्धत टाकून दिली. अंबरनाथच्या शिवालयावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजवटीतील लेख कोरला गेला त्या काळी दशमान अंक येथे पूर्णपणे रुळलेले होते, आणि युरोपास त्यांची ओळख करून देणारा पिसाच्या लिओनार्दोचा ग्रंथ लिहिला जाण्यास, म्हणजे १२०२ साल उजाडण्यास, अद्याप दीड शतकाचा अवकाश होता.

मग आपल्याकडे रोमन आकडे आले कोठून? ते इंग्रजी अमलाच्या दप्तराबरोबर आले. कायद्याची प्रकरणे, दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश, राजपत्राचे भाग, महसुलाचे नमुने या सर्वांवर रोमन क्रमांक पडले, आणि त्याचे कारण केवळ डौल हे नव्हते. ज्या दस्तऐवजात क्रमांकांचे दोन-तीन थर असतात, तेथे बाहेरचा थर व आतला थर एकाच जातीच्या आकड्यांनी दाखविला तर ‘तीनमधले पाच’ आणि ‘पाचमधले तीन’ यांत घोटाळा होतो. बाहेर रोमन आणि आत साधे आकडे ठेवले की तो होत नाही. भारतीय संविधानाची सातवी अनुसूची या रीतीचा उत्तम नमुना आहे. तिच्यात तीन याद्या आहेत: संघ सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची. इंग्रजी पाठात त्यांचे क्रमांक रोमन आहेत, त्यांच्या पोटातील नोंदींचे क्रमांक साधे; संघ सूचीतील नोंदी ९७ पर्यंत, राज्य सूचीतील ६६ पर्यंत आणि समवर्ती सूचीतील ४७ पर्यंत जातात. कॅम्प नंबर एकमधील रस्ते, गटारे व दिवे ज्या महानगरपालिकेच्या स्वाधीन आहेत, तिचा कायदा करण्याचा राज्याचा अधिकार दुसऱ्या सूचीतील पाचव्या नोंदीतून येतो. ‘दुसरीतील पाचवी’ हे सांगताना बाहेरचा आकडा आणि आतला आकडा वेगळ्या घडणीचे असणे किती हिताचे आहे, हे वकिलाला विचारावे.

खेड्यातील शेतकऱ्याला विचारले तरी चालेल. म्हारळ, कांबा, वरप ही मुरबाड रस्त्यालगतची गावे असोत, वा बदलापूरकडची, तेथील प्रत्येक खातेदाराच्या जिभेवर जो ‘सातबारा’ आहे, तो एका क्रमवार यादीतील दोन बाबींचा जोड आहे. महसुली दप्तरात तलाठ्याने ठेवावयाच्या गाव नमुन्यांची एकपासून एकवीसपर्यंत यादी आहे. इंग्रजी नियमांत त्यांचे क्रमांक रोमन आहेत. सहावा नमुना फेरफाराचा, सातवा अधिकार अभिलेखाचा, आठ-अ हा खात्याचा, बारावा पिकांच्या नोंदीचा. परंतु मराठी उतारा हाती घेऊन पाहा: माथ्यावर ‘गाव नमुना सात’ आणि खालच्या अंगास ‘गाव नमुना बारा’ असे अक्षरांत छापलेले असते. इंग्रजीत जेथे रोमन आकडा होता, तेथे मराठीने संख्येचे नाव लिहिले.

आणि हे एकाच उताऱ्यापुरते नाही. महाराष्ट्र शासन राजपत्राचे भाग मराठीत ‘भाग एक-अ’, ‘भाग चार-ब’ असे लिहिले जातात. राज्याच्या अधिनियमांच्या व नियमांच्या मराठी पाठात, जेथे इंग्रजीमध्ये कंसात लहान रोमन आकडे असतात, तेथे कंसात ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’ हे शब्द येतात. मराठी ग्रंथ उघडावा: मुख्य मजकुराची पृष्ठे आकड्यांनी मोजलेली असतात, परंतु प्रस्तावनेच्या पृष्ठांच्या पायथ्याशी ‘सात’, ‘आठ’, ‘अठरा’ असे शब्द छापलेले दिसतात, आणि इंग्रजी ग्रंथांत नेमक्या त्याच जागी लहान रोमन आकडे असतात. आपले मुद्रक, आपले भाषांतरकार आणि आपले कारकून यांनी कोणताही गाजावाजा न करता ही एक सुंदर व्यवस्था सिद्ध केली: थर वेगळा दाखविण्याचे रोमन आकड्याचे काम तर पुरते साधावे, पण परकी अक्षरे मजकुरात शिरू नयेत. मला या व्यवस्थेविषयी मनापासून आदर वाटतो, आणि म्हणूनच, मराठी पान पडद्यावर मांडताना ती गुपचूप सोडून दिली जाते आणि मराठी मजकुराच्या डाव्या अंगाला इंग्रजी ‘आय’, ‘डबल आय’ येऊन बसतात, हे पाहून वाईट वाटते.

त्यात डोळ्यांची गैरसोयही आहे. ब्राउझर रोमन आकडे इंग्रजी अक्षरांनीच उमटवितो. मराठीसाठी निवडलेल्या टंकात इंग्रजी अक्षरे नसतील तर तो ती दुसऱ्या टंकातून उसनी आणतो, आणि मग आकड्याची जाडी एक, मजकुराची जाडी दुसरी, अशी विसंगती दिसते. लांबीचा प्रश्न आणखी अवघड आहे. यादीचे आकडे साधारणतः मजकुराच्या डावीकडील मोकळ्या पट्टीत, उजवी कड जुळवून बसतात, आणि ब्राउझर त्यासाठी स्वतः होऊन चाळीस पिक्सेलांची पट्टी राखतो. साधे दोन अंक तीत सहज मावतात. रोमन आकड्यांत मात्र सदतीस लिहिण्यास सहा अक्षरे, अडतीस लिहिण्यास सात आणि अठ्ठ्याऐंशी लिहिण्यास आठ अक्षरे लागतात. अडतीसच्या लगेच पुढचा एकोणचाळीस पुन्हा पाच अक्षरांत आटोपतो. यामुळे डावी कड करवतीसारखी दिसते, आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब आकड्याचे डोके पानाबाहेर जाऊन कापले जाते. यावर उपाय म्हणजे डावीकडील पट्टी वाढवून ती अक्षरांच्या मापात सांगणे. परंतु त्याहून चांगला उपाय हा की, रोमन आकडे दहा-बारा बाबींच्या बाहेरच्या थरापुरतेच वापरावेत. रोजच्या कामाच्या लांबलचक यादीला ते सोसत नाहीत.

याहून गंभीर गोष्ट आता सांगावयाची आहे. ब्राउझरने घातलेला आकडा मजकुराचा भाग नसतो. पानात शोध घेतला तर तो सहसा सापडत नाही, कारण तो लिहिलेलाच नसतो. आणि एखादी बाब काढून टाकली की मागची सगळी रांग एक घर पुढे सरकते. जेथे आकडा नुसता क्रम दाखवितो, तेथे हेच इष्ट आहे. जेथे तो नाव झाला आहे, तेथे हा अनर्थ आहे. राज्य सूचीतील अकरावी नोंद शिक्षणाची होती. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत नेले आणि ती नोंद वगळली. परंतु तिची जागा आजही रिकामीच राखलेली आहे, आणि ग्रंथालये व वस्तुसंग्रहालये यांची नोंद बारावीच राहिली आहे. हीच यादी एखाद्याने पडद्यासाठी लिहिताना ती रिकामी नोंद गाळली, तर ब्राउझर ग्रंथालयांना अकरा क्रमांक देईल आणि तेथपासून अखेरपर्यंतची प्रत्येक नोंद चुकेल. ज्या न्यायनिर्णयांत, ज्या लेखांत, ज्या अर्जांत त्या नोंदींचे दाखले आहेत, ते सर्व भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतील. संघ सूचीत दुसऱ्या नोंदीनंतर ‘२-क’ ही नोंद त्याच दुरुस्तीने आली. असा मधला क्रमांक तर ब्राउझरच्या मोजणीत बसतच नाही, कारण तो पूर्णांकच मोजतो.

तेव्हा लेखकाने आधी ठरवावे: हा आकडा क्रम आहे की नाव? क्रम असेल तर तो सजावटीच्या भाषेत, सीएसएसमध्ये सांगावा. नाव असेल आणि मोजणी सरळ असेल, तर ‘टाइप’ हा गुणधर्म मजकुराच्या खुणेतच लिहावा; प्रमाणग्रंथानेही तो नेमका अशाच प्रसंगासाठी राखला आहे, म्हणजे सजावटीचे पत्रक काही कारणाने पोचले नाही तरी रोमन आकडा रोमनच राहतो. एकाच आकड्याची उडी असेल तर त्या बाबीवर ‘व्हॅल्यू’ लिहून तो बांधून टाकावा. आणि ‘२-क’, ‘आठ-अ’ यांसारखे क्रमांक असतील तर सरळ हाताने लिहावेत. तेथे यंत्राची सोय मागणे चूक आहे. कॅम्प नंबर एकमधील एखाद्या गृहनिर्माण संस्थेला आपले उपविधी सभासदांसाठी पडद्यावर ठेवावयाचे असतील, तर हीच कसोटी लागू पडते. आदर्श उपविधींच्या इंग्रजी पाठात प्रकरणांना रोमन क्रमांक आहेत आणि उपविधींचे साधे क्रमांक प्रकरणागणिक पुन्हा एकपासून सुरू न होता अखंड चालतात. म्हणून प्रत्येक प्रकरणातील यादीला ‘स्टार्ट’ देऊन मागील प्रकरणाचा धागा पुढे जोडून घ्यावा लागतो. तो न जोडल्यास सर्वसाधारण सभेत दहाव्या उपविधीचा आधार कोणी घेतला की प्रत्येकाच्या मोबाइलवर निराळा दहावा उपविधी उघडेल.

राहिला मराठी पोशाखाचा प्रश्न, आणि आनंदाची गोष्ट अशी की तो आता सुटलेला आहे. देवनागरी आकड्यांसाठी तर निराळे काही करावेच लागत नाही. ‘लिस्ट-स्टाइल-टाइप’ पुढे ‘देवनागरी’ असे इंग्रजी अक्षरांत लिहिले की १, २, ३ उमटतात. अरबी-फारसी वळणाच्या आकड्यांचीही तयार सोय आहे. सिंधी मजकूर त्या लिपीत मांडणाऱ्या उल्हासनगरकरांनी ती जरूर पाहावी. परंतु ‘(एक)’, ‘(दोन)’ या शासकीय मराठी रीतीसाठी तयार प्रकार नाही. त्यासाठी सीएसएसमध्ये ‘काउंटर-स्टाइल’ नावाची सोय झाली आहे, जीत आपणास हवा तो क्रमांकप्रकार आपणच घडवून त्याला नाव देता येते. फायरफॉक्सने ती २०१४ मध्ये, क्रोमने २०२१ मध्ये आणि सफारीने २०२३ मध्ये स्वीकारली; म्हणजे प्रमुख ब्राउझरांपैकी आता कोणीही मागे राहिलेला नाही. नाव देवनागरीत दिले तरी चालते; समजा ‘शब्दांक’ दिले. पद्धती ‘फिक्स्ड’, म्हणजे दिलेली चिन्हे ओळीने वापरावयाची. चिन्हे म्हणून ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’ हे शब्द. आधी उघडा कंस, नंतर मिटता कंस. आणि शब्द संपल्यावर काय करावे या प्रश्नास उत्तर म्हणून ‘फॉलबॅक’ या ओळीत देवनागरी आकडे. जुना ब्राउझर वापरणाऱ्या वाचकाची अडचण होऊ नये म्हणून यादीला आधी देवनागरी प्रकार सांगावा आणि त्याखालच्या ओळीत ‘शब्दांक’ सांगावा. ज्याला दुसरी ओळ समजणार नाही तो पहिलीवर थांबेल.

‘अ, ब, क, ड’ या मालिकेसाठीही अशीच व्याख्या करता येते, फक्त तेथे पद्धती ‘अल्फाबेटिक’ घ्यावी. ही मालिका वर्णमालेची नसून इंग्रजी अक्षरांच्या क्रमावर बेतलेली आहे, आणि संविधानाच्या मराठी पाठाने तिच्याऐवजी क, ख, ग ही मालिका स्वीकारली आहे, हे खरे; तरी शाळेच्या प्रश्नपत्रिकेपासून तलाठ्याच्या दप्तरापर्यंत ती इतकी मुरली आहे की तिला आता बाहेर काढण्याचा आग्रह मी धरणार नाही. एकाच पानावर दोन्ही मालिका मिसळू नयेत, इतकीच विनंती.

‘शब्दांका’च्या घडणीत एक कष्टाचे काम मात्र आहे. रोमन आकड्यांप्रमाणे तेरा किमतींचा तक्ता देऊन मराठी संख्यानामे बनविता येत नाहीत. एकोणतीस, त्रेचाळीस, सत्त्याहत्तर, नव्व्याण्णव ही प्रत्येक संख्या स्वतंत्र शब्द आहे, आणि तो शब्द यंत्राला जोडणीने साधणारा नाही. म्हणून एकपासून शंभरपर्यंतचे सर्व शब्द हाताने, ओळीने लिहावे लागतात, आणि लिहिण्यापूर्वी त्यांचे लेखन निश्चित करावे लागते. कारण अठ्ठावीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी यांसारखे शब्द आजही निरनिराळ्या छापखान्यांत निरनिराळे छापले जातात. हे काम एका बैठकीचे आहे, पण ते भाषेच्या जाणकाराने करावयाचे आहे, आणि एकदा झाले की त्या शंभर शब्दांचे पत्रक कोणत्याही मराठी पानाला जसेच्या तसे जोडता येईल.